चार हातांची पेटी

मी त्याला ‘हो’ म्हटलं. झालं, गोष्ट संपली.

आता असं समजा, की काही झालेलंच नाही. दुपारची वेळ आहे, मी प्रयोगशाळेत पेटीसमोर उभी आहे, पायांचे तुकडे पडलेत आणि माझी कामातली जोडीदारीण तापाने घरी झोपली आहे. मला त्या तापाचा हेवा वाटतोय.

पेटी काचेची. आत ऑक्सिजन जेमतेम एक टक्का, आणि हात घालायला चार बाह्या. म्हणजे माणसं दोन हवीत. तेवढ्यात शेजारच्या प्रयोगशाळेतला मासेवाला काचपट्ट्या उसन्या मागायला आला. तो मासे पाळतो, विकत नाही.

“काचपट्ट्या देते. आधी हात द्या.”

“कायमचा?”

“सध्या कोपरापर्यंत.”

खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. आत बशीत पेशी गुदमरत होत्या, आणि तेच हवं होतं.

“यांना का छळताय?” त्याने विचारलं.

मी जांभई देत सांगितलं. पेशी एक प्रथिन सतत बनवते — ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, जनुकांची बटणं दाबणारा. हवा भरपूर असली, की बनवलेलं लगेच मोडूनही टाकते. जीव गुदमरला तरच ते टिकतं, पेशीच्या केंद्रात शिरतं, बटणं दाबतं. मग पेशी जवळच्या रक्तवाहिनीला हाक घालते — बाई, इकडे एक फांदी काढ.

“बाहेरची हवा आत गेली, की काही मिनिटांत सगळं साफ. दोनदा झालंय. आज झालं तर आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम काम बंद करणार आणि मी घरी, ताईच्या पोरांना पाढे शिकवायला.”

तो बशीकडे वाकला.

“म्हणजे सारखं बनतं, सारखं मोडतं.”

“हो.”

“माझंही तसंच चाललंय… तुम्ही लिफ्टमध्ये दिसलात की बनतं. चौथा मजला आला की मोडतं.”

मी थेंब मोजत होते, आकडा विसरले. त्याचे कान लालभडक झाले. रक्तपुरवठा उत्तम होता. अशा वेळी माणूस पळून जातो, पण याचे दोन्ही हात अडकलेले. एक बाही किंचित मागे सरकली.

“हात काढू नका.”

“प्रयोगासाठी?”

“आधी… प्रयोगासाठी.”

नेमकं तेव्हा माझं नाक खाजलं. त्याने मुकाट्याने खांदा पुढे केला. मी नाक घासलं — आणि डोकं उचलायचं राहूनच गेलं. उभ्या उभ्या डोळा लागला. जाग आली तेव्हा पेशी धुऊन, फोडून, नळ्यांत बंद करून झाल्या होत्या. सगळं त्याने एकट्याने केलं होतं, डावा खांदा न हलवता.

दुसऱ्या दिवशी प्रथिन तपासायच्या फिल्मवर जाड काळी पट्टी उमटली. फॅक्टर टिकला होता. मॅडम “बरं आहे” म्हणाल्या. त्यांच्याकडून हा सत्कारच. ताईची पोरं पाढ्यांतून वाचली.

तो काचपट्ट्या न्यायला आला. मोकळ्या हवेत त्याच्या तोंडून शब्द फुटेना. नुसता चपलांकडे बघत राहिला.

“हो,” मी म्हणाले.

“कशाला हो?”

“सगळ्याला. मला झोप आलीय, तपशील विचारू नकोस.”

त्यावर तो हसला, मी हसले, आणि पुन्हा दोघंही गप्प. हवा फारच भरपूर होती.

सबब विभागप्रमुखांना नम्र विनंती, की या इमारतीतील ऑक्सिजनचे प्रमाण, निदान शनिवार-रविवार, एक टक्क्यावर ठेवण्यात यावे. श्वासाची व्यवस्था दोन्ही अर्जदार आपापसांत करतील.