टोपल्याला मारलेली हाक

तांदूळ दळून आणायला मलाच पाठवलं. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, पण पीठ बापानंच आणावं असं माझी बहीण आशाबाई म्हणाली, म्हणून पिशवी घेऊन चक्कीवर गेलो. चक्कीवाल्यानं ‘कशाले पायजे’ असं विचारलं नाही. नागभीडजवळचं आमचं गाव एवढंसं. कोणाच्या घरी कसलं पीठ लागणार, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पिशवी छातीशी धरून परत आलो. पीठ गरम होतं, एवढंच आठवतं.

राजदीप आमचा एकुलता एक. जंगलातल्या रस्त्यावर त्याच्या गाडीसमोर रानडुक्कर आलं. याहून जास्त मला सांगायला लावू नका.

तो कार्टून करायचा आणि यूट्यूबवर टाकायचा. त्यातला टोपल्या कदाचित तुम्ही पाहिला असेल. डोक्याच्या जागी बांबूचं टोपलं, आणि पायाला तीनच जाडजूड बोटं. “पाय काढाले जमत नाई बाबा, तीन बोटं लय झाली,” म्हणायचा. हा टोपल्या प्रत्येक भागात मरायचा. कधी त्याला वाघ खायचा, कधी तो धानाच्या गिरणीत पडायचा, आणि एकदा तर स्वतःच्याच तेरवीच्या पंगतीत बुंदी घशात अडकून मेला. मग एक बुढा यायचा आणि म्हणायचा, “ऊठ बे टोपल्या, च्या थंडा होऊन राह्यला.” की टोपल्या उठायचा. टोपल्याचा आवाज राजदीपचा, बुढ्याचा माझा.

मी झाडीपट्टीतला जुना नट. वडशाच्या कंपन्यांतून हिवाळेच्या हिवाळे नाटकं केली आणि बहुतेकांत दुसऱ्या अंकात मेलो. “मरनं आपला घरचाच धंदा हाय, बाबा,” असं पोरगं म्हणायचं आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. माझी बायको रंभा हसायची नाही. “मरनाची थट्टा नोका करत जाऊ जी,” एवढंच म्हणायची. तिचं ऐकायचं शहाणपण मला कधी वेळेवर सुचलंच नाही.

आमच्याकडे रीत आहे. मेलेल्याला जिथं निजवलं होतं तिथं पीठ पसरायचं, बाजूला दिवा ठेवायचा आणि दोन्हींवर टोपलं पालथं घालायचं. सकाळी उघडून पाहायचं, पाऊल कशाचं उमटलं. लेकराचं, गाईचं, पाखराचं. ज्याचं पाऊल, त्याच्या जन्माला जीव गेला. रंभानं तोपर्यंत अन्नाला हात लावला नव्हता. “पोरगं कुठी गेलं ते समजू द्या,” म्हणायची, “मंग खातो.”

आशाबाईनं सगळं मांडलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि मला बजावलं, “आता आत जायचं नाई, भाऊ. आनं त्याचं नाव घेऊन हाक त मारूच नोको. हाकेनं जीव अडकते.”

दिवेलागण झाली. सगळे अंगणात शेकोटीपाशी होते. मी ओसरीवर त्या दाराला टेकून बसलो. आतून ओल्या शेणाचा आणि पिठाचा वास येत होता, आणि त्यात मिसळलेला राजदीपच्या डोक्याच्या तेलाचा. आणि मला वाटलं, नाव घ्यायचं नाही ना? नाही घेत. पळवाट काढण्यात मी पहिल्यापासून हुशार. दार ढकलून मी आत गेलो आणि हळूच म्हणालो,

“ऊठ बे टोपल्या… च्या थंडा होऊन राह्यला.”

काहीच झालं नाही. टोपल्याच्या विणीतून दिव्याचा उजेड बाहेर येत होता आणि भिंतीवर त्याच्या बारीक चौकटी पडल्या होत्या. जमिनीवरचं टोपलं तसूभरही हललं नाही. पण त्या चौकटी भिंतीवरून वर चढू लागल्या… हळूहळू… आणि माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर थांबल्या.

“थंडाच बरा, बुढ्या… मेलेल्याची जीभ भाजत नाई.”

आवाज माझ्या पोराचा होता. हा विनोद कुठल्याच भागात नव्हता. भीती वाटायला हवी होती, पण मला रडूच फुटलं.

“लय लागलं का रे…?”

“मले कायले लागन? मी त दर वेळेस मरतो.”

“आनं माहा पोरगा… तो कुठी हाय?”

दिवा तडतडत राहिला.

“तो दारापाशीच उभा होता… हाकेची वाट पाहात. तू मलेच हाक मारली ना, बुढ्या.”

मी बाहेर कसा आलो, ते मला माहीत नाही.

सकाळी आशाबाईनं टोपलं उचललं. पिठात तीन बोटांची पावलं होती. “पाखरू झालं व पोरगं,” ती म्हणाली, “सुटलं.” बायका रडल्या. रंभानं कितीतरी वेळ त्या पावलांकडे पाहिलं, मग हात धुऊन ताटावर बसली आणि पहिला घास घेतला. इतकी जाड बोटं कुठल्या पाखराला असतात, हे मी बोललो नाही. ती पावलं दाराकडे नाही, घरात आतल्या बाजूला वळली होती, हेही बोललो नाही. त्या एका घासासाठी मी गप्प बसलो.

आता रंभा रोज सकाळी अंगणात तांदळाच्या कण्या टाकते आणि चिमण्यांशी बोलते. तिच्या तोंडावर थोडं तेज आलं आहे. आणि रोज दिवेलागणीला त्या खोलीत काहीतरी धपकन पडतं. मी ‘मांजर असन’ म्हणतो, चहा घेऊन आत जातो, टोपल्याला उठवतो. तो एक विनोद करतो आणि गप्प होतो. पोराचा आवाज ऐकायला मिळतो, म्हणून मी जातो. मग रात्रभर मला दारापाशी उभा असलेला तो दुसरा दिसत राहतो.

काल मी ठरवलं, आता उठवायचं नाही. रंभा समोर सुपात तांदूळ पाखडत बसली होती. आत धपकन आवाज झाला. मी जागचा हललो नाही. चुलीवरचा चहा उकळून आटला. आत काही हालचाल नाही… काही नाही… आणि मग दाराच्या अगदी जवळून, दबक्या आवाजात,

“बाबा…”

टोपल्या मला कधीच बाबा म्हणाला नव्हता.

रंभाचं सूप थांबलं. तिनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अजी,” ती म्हणाली, “पाखराले बोलता येते का…?”