चौथा खेळाडू

दहिवलीतल्या सुचेताबाईंच्या घरात कोणतीही नवी वस्तू आली की ती आधी देवासमोर पाटावर बसे, तिला हळद-कुंकू लागे आणि मगच तिची वायर भिंतीत जाई. फ्रिज, मिक्सर, पाणी गाळायचे यंत्र, सगळी याच वाटेने घरात आली होती. त्यामुळे नातू गंधारने दिवाळीनंतरच्या रविवारी आणलेला खेळांचा कन्सोल पाट टाळून थेट टीव्हीखाली गेला, तेव्हा बाईंच्या कपाळाची शीर उठली.

"एकोणतीस वर्षांचा झालास. पुढच्या महिन्यात बोहल्यावर चढणार, आणि आज खेळणे आणतोस?"

"लग्नानंतर आणलं असतं तर हर्षलाला बोल लागला असता, आजी."

हर्षला शेजारीच बसली होती. भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेली, कर्जतला एका वास्तुविशारदाकडे नकाशे काढणारी ही मुलगी बाईंची होणारी नातसून. दर रविवारी दुपारी ती येई. बाईंना ती वाईट वाटत नव्हती. फक्त ती बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहत असे, आणि ते या घरातल्या सुनांना आजवर कोणी शिकवले नव्हते.

खेळ निवडण्यात तासभर गेला. पहिल्यात मोटारी एकमेकींवर आदळत होत्या. "हे पाहायला यंत्र कशाला हवे? चार फाट्याच्या नाक्यावर जाऊन उभे राहा," बाई म्हणाल्या. दुसऱ्यात एक बाई तलवार घेऊन उड्या मारीत होती. "हिला आधी नेसायला काहीतरी द्या." तिसरा खेळ उघडला आणि बाई खुर्चीत किंचित पुढे सरकल्या. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते, विहीर होती, आणि पाण्याने भरलेली भाताची खाचरे होती.

"हा ठेवा," बाईंनी सांगितले. "आणि मला दाखवा कसा खेळायचा. घरात काय शिरले आहे ते मला कळले पाहिजे."

हर्षलाने त्यांच्यासाठी पांढऱ्या केसांची, चष्म्यातली एक बाहुली निवडली. "आजी, नाव काय टाकू?"

"सुचेता. दुसरे काय टाकणार?"

"इंग्रजीत टाकते हं. ह्याला मराठी अक्षरं येत नाहीत."

"मग येते तरी काय त्याला?"

पडद्यावर तीन चौकटी उभ्या राहिल्या. गंधार, हर्षला, सुचेता.

"नावाचे निघालेच आहे तर सांगून ठेवते," बाई म्हणाल्या. "लग्नानंतर तू मैथिली होशील. मी ठरवले आहे."

या घरची रीत अशी होती. गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरायचे. वराने अंगठीने त्यांत नवरीचे माहेरचे नाव लिहायचे. मग घरातल्या थोरल्या बाईने तळहाताने तांदूळ सपाट करायचे आणि त्यावर नवे नाव उमटवायचे. तेच तांदूळ शिजवून संध्याकाळी नवरीच्या पानात वाढायचे. यात चार पिढ्यांत खंड पडला नव्हता.

हर्षलाने हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवला. "आजी, मला माझं नाव आवडतं."

"आवडीचा प्रश्न कुठे येतो? मला कोणी विचारले होते? आसावरीला विचारले होते?"

गंधारची आई आसावरी चहा गाळीत होती. "नव्हतं विचारलं," ती म्हणाली. ती कोणाच्या बाजूने बोलली, ते कोणालाच कळले नाही.

"ही मैथिली कोण ते मला माहीत नाही," हर्षला म्हणाली. "ती आली तर नांदेल बापडी. मी हर्षला म्हणूनच येईन."

गंधारने खेळाचा आवाज वाढवला. बाई उठून आपल्या खोलीत गेल्या. एकतीस वर्षे शाळेत वर्ग सांभाळलेल्या बाईला, दिवंगत गोपाळकृष्ण वकिलांच्या पत्नीला, तिच्याच दिवाणखान्यात असे उत्तर मिळाले होते.

सोमवारपासून मात्र दुपारी दोनला घर रिकामे झाले की त्या टीव्हीपुढे बसू लागल्या. संधिवाताने आखडलेले अंगठे दोन दिवसांत त्या बटणांना सरावले. बाहुली चिखलात उतरली की पावलांचा डुबुक डुबुक आवाज होई, आणि तो अगदी खरा होता. लावणी मात्र त्यांना मुळीच पसंत नव्हती. खेळ एका चौकटीत एकच रोप लावी, सोंगट्यांच्या पटासारखे. "ज्यांनी हे बनवले त्यांनी आयुष्यात भात पाहिला तो ताटातच," त्या रिकाम्या घराला म्हणाल्या.

बुधवारी खेळ उघडला तेव्हा आदल्या दिवशी नांगरून ठेवलेले खाचर लावलेले होते.

चौकटी पाळलेल्या नव्हत्या. रोपे तीन-तीनच्या जुडीने होती. ओळ मागे मागे जात किंचित डावीकडे झुकली होती, डावऱ्या माणसाने लावावी तशी. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी फोन उचलला.

"हर्षला, दुसऱ्याच्या शेतात शिरायला तुला तुमच्या वसाहतीत शिकवले का?"

"आजी, मी साइटवर आहे. सिमेंटात उभी आहे. कुठलं शेत?"

संध्याकाळी गंधारने पाहून सांगितले की यंत्र बाहेरच्या कशाशीही जोडलेले नाही. जे काही घडले ते याच खोलीत बसून कोणीतरी केले आहे. "आणि तीन-तीन रोपं ह्यात लावताच येत नाहीत, आजी. हे काय आहे मलाही कळत नाही. तूच काहीतरी दाबलं असशील."

"मला अजून विस्मरण झालेले नाही," बाई म्हणाल्या.

गुरुवारी दुपारी चार चौकटी होत्या.

चौथीत बाहुलीचे चित्र नव्हते. खाली नाव होते, स्वच्छ देवनागरीत: गोदा.

बाईंच्या हातातला कंट्रोलर खाली आला. माहेरी, खालापूरच्या अलीकडच्या आळीत, जोगळेकरांच्या घरात, एकोणीस वर्षे याच नावाने त्यांना हाक मारली गेली होती. एकोणीसशे एकोणसत्तर साली सासूबाईंनी तांदळावरून तळहात फिरवला. त्यानंतर ते नाव या घरात कोणी उच्चारले नाही, बाईंनी स्वतःही नाही. डावा हात वापरायचा नाही, हेही त्याच आठवड्यात ठरले. आई-वडील गेले, दोन्ही भाऊ गेले. नवऱ्यालासुद्धा ते नाव पुन्हा आठवले असेल असे त्यांना वाटत नव्हते.

सुरुवातीला त्यांना भीती वाटली नाही. संताप आला. हे कोणी शोधून काढले, आणि कोणत्या अधिकाराने?

त्यांनी यंत्राची पिन उपटून पुन्हा लावली. चौकटी चारच होत्या. संध्याकाळी गंधारने यंत्र सुरू केले तेव्हा त्याला तीन दिसल्या. बाईंनाही त्याच्या खांद्यावरून तीनच दिसल्या.

शुक्रवारी त्या विहिरीपाशी गेल्या. काठाशी परकर-पोलक्यातली एक मुलगी पाठमोरी उभी होती, पायांना पोटरीपर्यंत चिखल. त्या खेळातली माणसे जवळ गेले की वळून हसत. ही वळली नाही. बाईंनी बोलायचे बटण दाबले.

खाली चौकट उघडली. त्यात मराठीत लिहिले होते, 'केवढा उशीर.'

"कोणाशी बोलतेस?" बाई मोठ्याने म्हणाल्या. वर्गात त्या जशा विचारीत तसेच.

चौकटीतली ओळ पुसली गेली. दुसरी आली. 'मी जेवलेली नाही.'

त्याखाली आणखी एक. 'वाढशील?'

बाईंनी टीव्ही बंद केला. काळ्या काचेत खोली दिसत होती, खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीत त्या बसलेल्या होत्या, ताठ. स्वयंपाकघरातून शिजत्या भाताचा वास येत होता. त्या जाऊन पाहून आल्या. गॅस बंद होता, ओटा कोरडा.

रात्री त्यांनी गंधारला सहज विचारल्यासारखे विचारले, "एखादा खेळाडू नको असेल तर?"

"सेटिंगमध्ये जायचं, नाव निवडायचं, डिलीट करायचं. त्याने केलेलं सगळं जातं पण. परत नाही येत."

"जाऊ दे. माझ्या घरात कोणाचे नाव राहायचे ते मी ठरवते."

शनिवारी दुपारी त्यांनी देवघरात दिवा लावला, पदर खोचला आणि यंत्रासमोर बसल्या. चौथे नाव निवडले. यंत्राने इंग्रजीत विचारले, हा खेळाडू कायमचा काढायचा, खात्री आहे का. बाईंना पुन्हा संताप आला. या खेळण्याला दोनदा विचारण्याची रीत होती. तांदळाच्या ताटापुढे तेव्हा कोणी एकदाही विचारले नव्हते.

त्यांनी बटण दाबले.

चौकट मिटली. उरलेल्या तीन सरकल्या आणि रिकामी जागा भरून निघाली, तांदूळ सपाट करावेत तशी. बाईंना एकदम हलके वाटले. संध्याकाळी त्या दोन पोळ्या जास्त जेवल्या.

रविवारी हर्षला आली. बाईंनी तांदळाचे ताट घासूनपुसून समोर आणून ठेवले होते.

"पाहून घे," त्या म्हणाल्या. "यातच होणार आहे."

हर्षलाने ताटाला हात लावला नाही. "आजी, भांडायचं नाहीये मला. आपण पैज लावू. तुमचं माहेरचं नाव काय होतं? गंधारला माहीत नाही, आईंना माहीत नाही. ते सांगा. सांगितलंत की मी मुकाट्याने ताटापुढे बसेन. मैथिली तर मैथिली."

"आणि नाही सांगितले तर?"

"तर मी हर्षला."

"लग्न ठरल्यावर पैजा लावणारी सून आम्ही प्रथमच पाहतो," बाई म्हणाल्या. "त्यात न सांगण्यासारखे काय आहे?"

आणि त्यांनी तोंड उघडले.

काहीच आले नाही.

विसरलेला शब्द जिभेच्या टोकावर अडतो, त्याचे पहिले अक्षर तरी हाती लागते. इथे जीभ सपाट होती. वडिलांचा आवाज आठवत होता. ओसरीवरून ते हाक मारीत, तो सूरही आठवत होता. त्या हाकेत शब्द नव्हता.

"आई?" आसावरी पुढे झाली.

"मंगळवारी सांगेन," बाई म्हणाल्या. "हुकमावर बोलायची मला सवय नाही."

त्या रात्री त्यांनी ट्रंकेतून शाळा सोडल्याचा दाखला काढला. गाव होते, जन्मतारीख होती, वडिलांचे नाव होते. पहिल्या शब्दाच्या जागी कसरीने बोटभर खिडकी पाडली होती. बाकीचा कागद धड होता.

सोमवारी सकाळी त्यांनी रिक्षा सांगितली आणि पळसदरीवरून खालापूरच्या रस्त्याला लागल्या. तिथे ठकी अजून होती. बालपणी शेजारच्या घरातली, वडिलांचा डोळा चुकवून जिच्याबरोबर त्या लावणीला उतरत ती ठकी. पन्नास वर्षांत भेट नव्हती. पण नावाने हाक मारणारे जगात दुसरे कोणी उरले नव्हते.

ठकी अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. हात थांबवून तिने पाहिले.

"कोन पायजे, बाई?"

"ठके, मी जोगळेकरांची मुलगी. शेजारची."

ठकी हसली. दात एकही नव्हता. "जोगलेकरांना दोन पोरगे व्हते. पोरगी नाय झाली त्यांना. लय वाटायचं काकूंना."

"डोके ठिकाणावर आहे का तुझे? आपण दोघी लावणीला उतरायचो. तू उजवीकडून, मी डावीकडून."

"तुमी?" ठकीने त्यांच्या इरकल साडीकडे पाहिले. "जोगलेकरांच्या घरच्या बाया कवा उतरल्या चिखलात? मी एकलीच असायची. बसा, पानी देते."

बाई बसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि अंगणात उभ्या उभ्याच हर्षलाला लावला.

"ऐक. ताट मांडले जाणार नाही. तुझ्या नावावरून कोणाचा हात फिरता कामा नये. माझासुद्धा. गंधारला मी सांगेन, गुरुजींनाही सांगेन."

"आजी, काय झालं? कुठे आहात तुम्ही?"

"काही झालेले नाही. पैज मी हरले, एवढेच."

त्यांनी फोन बंद केला. ठकी तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती, कशाचीतरी आठवण आल्यासारखी.

"हरायच्यावरनं आठवलं," ती म्हणाली. "बारकी असताना सागरगोटे खेलायची मी, हितंच, ह्या अंगनात. एकलीच. ह्या आलीत माझ्या वयाची पोरच नव्हती. पन डाव मांडायची दोघींचा. एक वाटा माझा, एक समोरचा. कुनासाठी, ते नाय सांगता यायचं."

तिने तांब्या बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो डाव्या हाताने घेतला.

"समोर कोनी नसायचं, बाई. पन हरायची ती मीच."