सड्यावरची दुसरी पाळी

नियंत्रण दालनातल्या पटावरचा एकही दिवा लागत नव्हता, तरी शैलेश त्याच्यासमोर डोळ्यांत तेल घालून बसला होता. छपराचा पत्रा जागोजागी उडालेला, भर दुपारचं ऊन फरशीवर, कोपऱ्यात कबुतरांची घाण. त्याची नजर एकाच तबकडीवर खिळली होती. तबकडीची काच धुरकटलेली आणि काटा लाल पट्ट्यात गंजून अडकलेला. उजवा हात झडपेच्या चाकावर घट्ट. ती झडप ज्या नळावर होती, तो नळ चोरांनी केव्हाच कापून नेला होता.

डॉ. केतकी रणखांबे दारात उभी राहून भावाकडे बघत होती. तिला मेंदूतलं सगळं कळतं, पुण्याच्या संस्थेत तेच तर तिचं काम. पण आत्ता त्यातलं काहीच उपयोगी पडत नव्हतं. आई गेल्यावर या पोराला तिनंच वाढवलं. झोपेच्या बाबतीत हा पक्का कुंभकर्ण. शाळेच्या दिवसांत त्याला उठवायचं म्हणजे घरात रोज तमाशा, तोंडावर तांब्या ओतला तरी कूस बदलून पुन्हा घोरणार. आणि आता चार दिवस झाले, त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

शैलेश एका भंगार कंपनीत नोकरीला होता. सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या खडकाळ पठारावरच्या, या बंद पडलेल्या रसायन कारखान्यात कुठलं यंत्र कितीला जाईल, हे बघायला तो आला. दुसऱ्या दिवशी सोबतचे लोक शोधत आले तेव्हा तो या खुर्चीत बसलेला सापडला. नाव विचारलं तर म्हणाला, यशवंत खुडे, दुसरी पाळी. मग त्यानं तंबाखू मागितली. वासानंसुद्धा शिंका येणारा हा मुलगा! तालुक्याच्या दवाखान्यात झोपेचं इंजेक्शन दिलं, तर अंग लुळं पडलं पण डोळे टक्क उघडे. मेंदू एक क्षणही झोपत नाही, असं आणखी दोन-तीन दिवस चाललं तर मी काही सांगू शकत नाही, असं म्हणून डॉक्टरांनी हात टेकले. उभं राहण्याइतकी ताकद येताच तो चालत पुन्हा इथंच आला.

खालच्या गावाला यात नवल वाटलं नाही. सड्यावरचा खुडे धरतो, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. कैक वर्षांपूर्वी कारखान्यात वायुगळती झाली त्या दिवशी खुडे याच खुर्चीत मेला. पुढच्या पाळीला त्याला सोडवायला यायचा तो जालिंदर म्हणे घाबरून पळाला, आणि बदली न आल्यामुळं खुडे अडकला तो अडकलाच. लोक जालिंदरला इतकं टाकून बोलले की शेवटी तो बायकोला घेऊन गाव सोडून गेला. पुढं भंगाराचे दोन मजूर असेच धरले गेले आणि जागून जागून मेले. शैलेशसाठी गावकऱ्यांनी देवऋषी आणला होता. कोण आहेस, बोल, म्हणत त्यानं कडुलिंबाच्या फांद्यांनी पोराला झोडपून काढलं. पाठीवरचे वळ केतकीनं सकाळीच बघितले होते.

तिनं फोन केला तो तांबोळी सरांना. डॉ. फिरोज तांबोळी तिचे जुने गुरू. या दालनातली यंत्रणा त्यांनीच बसवलेली. निवृत्त माणूस, पण जीप स्वतः चालवत आला. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, पटामागची पेटी उघडली, आतला हिरवा ठिपका बघितला आणि मान हलवली.

"भूत नाही केतकी. माझं यंत्र आहे."

मग दाराबाहेरच्या पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. असा कारखाना रात्रंदिवस चालतो. पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला सांगतो, अमका काटा थरथरतोय, तमक्या नळाचा आवाज वेगळा येतोय. सांगण्यात निम्मं राहून जातं आणि त्यातूनच अपघात होतात. म्हणून त्यांनी भिंतींत तांब्याची वेटोळी बसवली. खुर्चीतल्या माणसाचं लक्ष कशाकशावर आहे याची ती सतत नोंद घ्यायची, आणि पाळी बदलताना ती नोंद नव्या माणसाच्या मेंदूत उतरवायची. या यंत्राला त्यांनी नाव दिलं होतं, मनोहस्तांतर.

"म्हणजे आठवणी जातात?" केतकीनं विचारलं.

"आठवणी नाहीत, अवधान. देणाऱ्याच्या मनात जी काळजी सगळ्यात वर, ती घेणाऱ्याच्या मनात सगळ्यात वर येते. तलफसुद्धा यायची, पोरं हसायची. पण कामाला लागलं, काटे हलताना दिसले, की तासाभरात ते सगळं ओसरायचं आणि नव्या माणसाची स्वतःची नोंद सुरू व्हायची."

खुडे मेला तेव्हा चार्ज, म्हणजे पाळीचा ताबा, त्याच्याकडेच होता. कोणी घेतलाच नाही, म्हणून यंत्रात शेवटची नोंद त्याची. शैलेशनं यंत्र चालतंय का बघायला सोबतच्या बॅटरीवर ते सुरू केलं असणार, आणि रीतसर देवाणघेवाण न होता ती नोंद सगळीच्या सगळी त्याच्या डोक्यात गेली. एवढं अवधान दुसऱ्याचं झालं की माणूस नावही दुसऱ्याचंच सांगतो, सर म्हणाले.

वीज तोडून टाकू, असं केतकी म्हणाली. सरांनी नाही म्हटलं. मजुरांच्या वेळी ठेकेदारानं तेच केलं होतं. नोंद आता शैलेशच्या डोक्यात होती, ती पुसायला सुटकेचा स्पंद, म्हणजे विजेचा हलका झटका, लागतो, आणि तो स्पंद हे यंत्रच देऊ शकतं. देणाऱ्याच्या मनानं सोडलं आणि घेणाऱ्याच्या मनानं धरलं, दोन्ही एकदम झालं, तरच.

"म्हणजे कोणीतरी चार्ज घ्यायचा."

"हो. आणि मग तो त्याच्याकडे राहणार. कारखाना कायमचा बंद झाला, ही कल्पनाच मी यंत्रात घातलेली नाही बघ. तेव्हा कुणाच्या डोक्यात यायचं?"

कारखाना बंद झाला, चार्ज संपला, अशी आज्ञा आता तयार करता येईल, फक्त तीन-चार दिवस लागतील, असं ते म्हणाले. शैलेशकडे तेवढे दिवस नव्हते. मग ठरलं असं की चार्ज केतकीनं घ्यायचा, संध्याकाळी तिच्याकडून सरांनी, सकाळी पुन्हा तिनं. मधल्या वेळात ज्याची पाळी नाही त्यानं झोपायचं, आणि सरांनी आज्ञा लिहीत राहायची. रीतसर घेतलेल्या चार्जनं माणसाला काही होत नाही, शेकडो लोकांनी तो वर्षानुवर्षं घेतलाय, असा सरांचा दिलासा होता. केतकीला तो पटला, कारण पटवून घेण्याशिवाय तिला दुसरा मार्ग नव्हता.

ती आत गेली आणि शैलेशच्या शेजारी उभी राहून म्हणाली, खुडे, मी बदली आलेय, चार्ज द्या. त्यानं मानसुद्धा वळवली नाही. नुसतं "न्हाई" म्हणाला. तिनं पुन्हा म्हटलं, मग जरा चढ्या आवाजात म्हटलं, मग रडकुंडीला येऊन म्हटलं. सरांनीही हुकूम सोडून पाहिला. दर वेळी तेच, न्हाई. केतकी खुर्चीपासून मागं सरली. इतकी वर्षं बदलीची वाट बघणारा माणूस बदली समोर उभी असताना नाही का म्हणतो?

शैलेशचे ओठ फुटले होते, चाकावरचा हात सुजला होता. त्या हाताकडे बघताना तिला आजोळची मावशी आठवली. तिकडं कुणाच्या अंगात आलं की मावशी पदर सावरून समोर बसायची आणि पाहुण्याला विचारावं तशी विचारायची, काय हवंय तुम्हाला. केतकीला लहानपणी त्याचं हसू यायचं. पण देवऋषीनं तू कोण हे विचारलं होतं, डॉक्टरांनी सुया टोचल्या होत्या, सरांनी यंत्राची पेटी तपासली होती. काय हवंय, हे कोणी विचारलंच नव्हतं.

ती कबुतरांच्या घाणीत तशीच मांडी घालून बसली. "खुडेदादा, काय पाहिजे तुम्हाला?"

त्यानं चाकावरची पकड आणखी आवळली. मग तबकडीवरची नजर न काढता बोलला. आवाज शैलेशचाच, पण बोलणं एखाद्या थकलेल्या बाप्याचं.

"जालिंदरला घरला पाठवा. कवाधरनं दारात हुबा हाय, चार्ज दे म्हनतोय. त्याची बायकू दिस भरल्याली हाय. हितं वास सुटलाय. त्याला न्हाई मी आत घेनार."

केतकीनं दाराकडे वळून बघितलं. जालिंदर आला होता. पळाला नव्हता, खुडेनंच त्याला आत येऊ दिलं नव्हतं. गावानं त्या माणसाचं जिणं उगाच नासवलं होतं.

"मग मला द्या," ती म्हणाली. "मी एकटी आहे."

"तुमीबी कुनाच्या तरी आसालच की. काटा खाली आला की देतो. तवर जावा."

तिनं बाहेर येऊन सरांना सगळं सांगितलं. काटा गंजलाय हे त्याला सांगून उपयोग नाही, सर म्हणाले. नोंद काही शिकत नाही, ती त्या दुपारीच थांबलेली आहे. पण शैलेशच्या डोळ्यांतून तिला समोरचा काटा दिसतो. मग दाखवू या की, केतकी म्हणाली. सरांच्या जीपमधली पक्कड आणि तेलाचा डबा घेऊन ती पटाच्या मागं शिरली. मागून तबकडीचा दांडा उघडाच होता. गंज खरवडून, तेल सोडून तिनं तो धरला आणि अगदी सावकाश फिरवायला लागली. पलीकडे तिला शैलेशचा श्वास ऐकू येत होता. काटा लाल पट्ट्यातून बाहेर पडला असावा, कारण तो श्वास एकदम लांब झाला.

ती पुढं आली तेव्हा त्याचा हात चाकावर सैल पडला होता. "उतरला बगा," तो म्हणाला.

"द्या मग."

"दिला."

"घेतला," केतकी म्हणाली.

दातांच्या मुळांत बारीक मुंग्या आल्या आणि लगेच गेल्या. शैलेश खुर्चीतून घसरला, फरशीवर आडवा झाला, आणि सर त्याच्यापर्यंत पोचायच्या आत चक्क घोरायला लागला. ते घोरणं ऐकून केतकीला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. इतका गोड आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. सरांनी त्याला कसंबसं ओढत जीपपर्यंत नेलं, आणि ती रिकाम्या खुर्चीत बसली.

पहिल्यांदा फक्त तंबाखूची तलफ आली. तिला मजा वाटली. तासाभरात ओसरेल, सर म्हणाले होते. ती पक्कड मांडीवर ठेवून वाट बघत राहिली. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. तलफ गेली नाही, उलट तिच्याखालून दुसरं काहीतरी वर यायला लागलं. दाराकडे तिची पाठ होती, तरी दारात कोणी उभं आहे का, इकडे सारखं ध्यान जात होतं. कोणी आत येता कामा नये. हे खुडेचं आहे, असं तिनं स्वतःला बजावलं. मग तिला जीपमध्ये झोपलेला शैलेश आठवला आणि हे आपलंही आहे, हे तिच्या लक्षात आलं. दोन्ही काळज्या एकमेकींत इतक्या बेमालूम मिसळल्या होत्या की कुठली कोणाची, हे तिला सांगता येईना.

सर म्हणाले होते की काटे हलताना बघून ते ओसरतं. इथं हलणारा काटाच नव्हता. हे दुपारीच सुचायला हवं होतं, तिला आणि सरांनाही. ती दुपारी एवढंच धरून चालली होती की काटा उतरला की खुडेच्या मनातली काळजी संपली. काटा ही नुसती अट होती. काळजी होती ती दारातल्या माणसाची, आणि तो माणूस काही खुडेच्या डोळ्यांदेखत घरी गेलेला नव्हता.

सूर्य कलल्यावर सर थर्मासमधला चहा घेऊन आले. आज्ञेचा पहिला भाग झालाय म्हणाले, चेहराही जरा उजळला होता. "चल, दे चार्ज. तू जाऊन पड आता."

दे, असं केतकीनं मनाला सांगितलं. तोंडानं ती म्हणालीही, दिला. काहीच झालं नाही. दातांत मुंग्या आल्या नाहीत. सर तिच्याकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या हातातला कप तिरका झाला.

"सर, तुम्ही उंबऱ्याच्या बाहेर थांबा," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, नेहमीचा, शांत. "इथं वास येतोय."

"कसला वास? केतकी, टाकी रिकामी आहे. काटा तू स्वतः खाली आणलास. पक्कड तुझ्या मांडीवर आहे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. तिला सगळं माहीत होतं. तरी तिच्या डोळ्यांना काटा चढताना दिसत होता. लाल पट्ट्याच्या अलीकडे, जरासा, मग आणखी जरासा. तिचा उजवा हात चाकावर केव्हा गेला, ते तिला कळलं नव्हतं.

बाहेर जीपचं दार वाजलं. शैलेश डोळे चोळत, केस विस्कटलेले, उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. आपण इथं कसे आलो, हे त्याला आठवत नव्हतं. सरांनी दबक्या आवाजात त्याला सांगायला सुरुवात केली. केतकीला अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. काटा पुन्हा हलवून अगदी शून्यावर आणून दाखवला तर ती देईलही, सर सांगत होते, पण जो घेईल त्याच्याकडे खुडेची काळजी जाईल आणि तिचीही. तो तर आणखीच घट्ट धरून बसेल. जरा थांब, मला विचार करू दे.

"शैलू, घरी जा," ती मागं न बघता म्हणाली. "मी आहे इथे."

शैलेश थांबला नाही. तो आत आला, तिच्या मांडीवरची पक्कड उचलली आणि दुपारी ती जिथून शिरली होती तिथूनच पटाच्या मागं गेला. पत्र्याच्या पलीकडून त्याचा झोपेनं जड झालेला आवाज आला, "सर, चार्ज मी घेणार. दांडा कुठल्या बाजूला फिरवायचा, तेवढं सांगा."