खालची उजवी दाढ

लिफ्टमध्ये तो हसला आणि तिला त्याची दाढ दिसली.

तो मोबाईलवर काहीतरी बघून हसत होता, मान मागे टाकून, अगदी तोंड भरून. बाजूला कोणी उभं आहे याचं त्याला भान नव्हतं. ती मात्र टाचा उंचावून सरळ त्याच्या तोंडात बघत होती.

"खालची उजवी, मागून दुसरी," ती म्हणाली. "कीड लागलीये."

त्याने तोंड मिटलं. "आपण... ओळखतो का एकमेकांना?"

"नाही. दुखते का?"

"कधी कधी. गोड खाल्लं की."

"अरे वा!" तिचा चेहरा उजळला. त्याची दाढ दुखते हे ऐकून आजवर कोणी इतकं खूश झालं नव्हतं.

तिच्या खुशीचं कारण साधं होतं. ती दातांची डॉक्टर होणार होती, आणि शेवटच्या परीक्षेला आपला पेशंट आपणच आणावा लागतो. त्याच्या दाढेला ठरावीक जागी, ठरावीक खोलीइतकीच कीड हवी, आणि त्या दिवशी तो वेळेवर खुर्चीत हवा. मागच्या खेपेला शेजारचे काका येतो म्हणाले होते. आदल्या संध्याकाळपर्यंत म्हणत होते. सकाळी त्यांनी फोनच उचलला नाही. वर्गातल्या बाकी सगळ्या खुर्च्या भरल्या, आणि ती हातमोजे घालून आपल्या रिकाम्या खुर्चीपाशी उभी राहिली.

मैत्रिणी पुढे गेल्या. त्यांचे पदवीच्या झग्यातले फोटो ती न चुकता लाईक करायची आणि मग मोबाईल पालथा ठेवायची. घरी कोणी तिला एका शब्दाने बोललं नाही. बाबा तर मुद्दाम हवापाण्याच्या गप्पा मारायचे. तेच तिला जास्त लागायचं.

"म्हणजे मी तुमच्यासाठी कीड सांभाळायची?" तिने परीक्षेचं सांगितल्यावर, लिफ्टमधून बाहेर पडताना त्याने विचारलं.

"सांभाळायची नाही, वाढू द्यायची नाही. गोड बंद. आणि परीक्षेपर्यंत दुसऱ्या कुणाकडे दाखवायचं नाही."

"आणि नाही आलो तर?"

ती थांबली. "तर मी पुन्हा नापास," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच बहुधा त्याने नंबर दिला. तिने तो 'खालची उजवी' या नावाने सेव्ह केला.

एक्स-रेसाठी तो पहिल्यांदा कॉलेजच्या दवाखान्यात आला, तेव्हा त्याच्या हातात एक लांबट काळी पेटी होती. तिने त्याला खुर्चीत बसवलं, दिवा खाली ओढला.

"काय आहे पेटीत? तोंड उघडा."

"क्लॅ— आं."

"क्लॅरिनेट? वाजवता तुम्ही? अजून उघडा."

"आं."

"नोकरी काय करता? हं, जीभ बाजूला घ्या. अजून उघड... उघडा."

त्याने हाताने तिचं मनगट बाजूला केलं. "उघड चालेल. तोंडात हात घालून अहो-जाहो फार विचित्र वाटतं."

त्या दिवसापासून दोघं एकमेकांना अरे-तुरे करू लागले.

तो वाद्यांच्या दुकानात काम करायचा. इंजिनिअरिंग त्याने तिसऱ्या वर्षात सोडलं होतं आणि तेव्हापासून घरात एक विलक्षण व्यवस्था चालू होती. "बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात," त्याने तिला सांगितलं. "एकाच टेबलावर बसून. 'त्याला म्हणावं, मीठ दे.' मी मीठ देतो. मग म्हणतात, 'त्याला म्हणावं, जास्त झालं.'"

ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "वाईट वाटतं का?"

"मिठाचं? नाही." मग म्हणाला, "वाटतं."

दाढेच्या चौकशीसाठी ती फोन करायची. चौकशीला एक मिनिट लागायचं आणि फोन तासभर चालायचा. कधी दुकान बंद झाल्यावर दोघं जवळच्या कॅफेत बसायची. तो केक मागवायचा आणि ती त्याच्या डोळ्यांसमोर सगळा केक खाऊन टाकायची.

"हा अन्याय आहे."

"हा उपचार आहे."

तिने त्याला वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. तो ऐकवतो म्हणायचा, ती परीक्षेनंतर म्हणायची. तिच्या सगळ्याच गोष्टी त्या काळात परीक्षेनंतर होत्या.

परीक्षेच्या दिवशी तो वेळेआधी आला. ती दारात उभी होती. त्याला बघून तिने मोठा श्वास सोडला. तो खुर्चीत बसला, पेटी पायाशी ठेवली. तिने सुई भरली आणि नेहमीची सूचना सांगायला लागली.

"खालचा ओठ आणि अर्धी जीभ बधिर होईल. तीन-चार तास गरम काही प्यायचं नाही, ओठ चावायचा नाही."

"तीन-चार?" तो म्हणाला. "मी तासभर धरला होता."

"का? काय आहे नंतर?"

"काही नाही. दे तू."

"काय आहे?"

तो दिव्याकडे बघत राहिला. "ऑडिशन. ऑर्केस्ट्राची. दुपारी."

क्लॅरिनेट खालच्या ओठावर टेकवून वाजवतात, एवढं तिला माहीत होतं. बधिर ओठाने त्यातून फक्त हवा निघाली असती.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू दुसरा कुणी शोधला असतास."

"हो!"

"म्हणूनच," तो म्हणाला. मग घाईने, "ऑडिशन काय, परत होते."

"कधी?"

"...दोन वर्षांनी. दे ना सुई, ते परीक्षक सर इकडेच बघतायत."

तिने सुई ट्रेमध्ये ठेवून दिली.

"न देता करते. कीड खोल नाही, पण दुखेल. सहन नाही झालं तर डावा हात वर कर, मी थांबेन. आणि तुला हे नको असेल तर आत्ता सांग."

"मला चालेल. तुला चालेल का?"

तेवढ्यात बाहेरून आलेले परीक्षक समोर येऊन उभे राहिले.

"सुई दिली नाही?"

"नाही सर. एक्स-रेमध्ये कीड मध्यम आहे. पेशंटला दुपारी क्लॅरिनेट वाजवायचंय, ओठ बधिर करून चालणार नाही. मी त्यांना विचारलंय."

परीक्षकांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे, मग पायाशी ठेवलेल्या पेटीकडे पाहिलं. "पेशंट हलला तर जबाबदारी तुमची. वेळ वाढवून मिळणार नाही."

"हो सर."

तिने ड्रिल सुरू केलं. त्याने हात वर केला नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून कानाकडे जात होतं, तरी केला नाही. पण त्याच्या बुटांची टोकं एकमेकांवर घट्ट दाबली जात आहेत हे तिला दिसायचं, आणि ती आपणहून थांबायची, पाणी मारायची, त्याला श्वास घेऊ द्यायची. शेजारच्या खुर्च्यांवरचे पेशंट उठून गेले. तिचं चालूच होतं. शेवटची पॉलिश झाली तेव्हा वेळ संपल्याची घंटा वाजत होती.

"चाव. उंच लागतंय का?"

त्याने चावून बघितलं, मान हलवली, पेटी उचलली आणि धावत सुटला.

तोंडी परीक्षा आटोपून ती ऑडिशनच्या हॉलवर पोचली तेव्हा दार बंद होतं. आत कोणीतरी क्लॅरिनेट वाजवत होतं. ती पांढऱ्या कोटातच जिन्याच्या पायरीवर बसली. सूर खालून सुरू व्हायचा, हलकेच वर चढायचा, तिथे जरा रेंगाळायचा... तिला संगीतातलं फारसं कळत नव्हतं. इतके दिवस हा माणूस आपल्यासमोर तोंड उघडून गप्प बसला होता आणि याच्याकडे एवढं सांगण्यासारखं होतं, हे मात्र तिला कळलं. तिने कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

तो बाहेर आला तो गाल धरूनच.

"कसं झालं?"

"एका जागी श्वास कमी पडला. बाकी... बरं झालं. तुझं?"

"संध्याकाळी कळेल."

ती पास झाली. वेळेचे गुण कापले गेले, पण भरलेल्या दाढेत परीक्षकांना खोट काढता आली नाही. पुढच्या आठवड्यात त्याचाही निकाल आला: मागच्या रांगेत, दुसरं क्लॅरिनेट, दूरच्या शहरात. त्याने जेवताना आईला सांगितलं. बाबांनी घास खाली ठेवला आणि आईकडे न बघता, थेट त्याला विचारलं, "कधी निघायचंय?"

निघायच्या दिवशी बसस्थानकावर ती एकटीच आली होती.

"घरचे नाही आले?" तिने विचारलं.

"बाबा येत होते. मी नको म्हटलं."

"का रे?"

"तू येणार होतीस म्हणून."

ती उगीचच त्याच्या बॅगेचा पट्टा सरळ करत राहिली. तिची वर्षभराची इंटर्नशिप इथेच होती. त्याचा करार तिथे होता. यात वाटाघाट करण्यासारखं काही नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"सहा महिन्यांनी दाढ दाखवायला ये," ती म्हणाली.

"पेशंट म्हणून नाही यायचं मला आता."

"मग?"

तो काही बोलणार तोच वाहकाने घंटी दिली. तो चढला, खिडकीशी बसला. ती खिडकीखाली आली.

"तिथे पहिली सुट्टी कधी मिळते?"

"पुढच्या महिन्याच्या शेवटी. निवड झाली त्याच दिवशी विचारून ठेवलंय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारतेस का ते बघत होतो."

बस हलली. ती दोन पावलं सोबत चालली, मग जरा पळायलाच लागली.

"ए, ऐक! मला तू आवडतोस!"

"काय? इंजिनचा आवाज—"

वाद्यं सुरात आहेत की नाहीत हे कानाने ओळखणारा माणूस तो. त्याला ऐकू आलं होतं हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरी ती पुन्हा ओरडली, दुप्पट मोठ्याने.

मागच्या खिडकीतून एका बाईंनी डोकं बाहेर काढलं. "अगं, ऐकलं सगळ्यांनी!" मग त्या पुढे वाकून त्याला म्हणाल्या, "आता तुम्हीही काय ते सांगून टाका. गाडी वळेल."

त्याने सांगितलं. गाडी वळली.