रेस कोण देत होतं?

इथं बरेच जण ऐकीव गोष्टी टाकतात. ही ऐकीव नाही. माझ्या याच हातांना तेव्हा ग्रीस लागलेलं होतं. आणि अशा गोष्टींना रात्रच लागते, असं मला आता कुणी सांगू नये.

मी तनुजा, यंदा दहावीत. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. भर दुपार. रेणापूरहून लातूरला जाताना, रस्त्याकडेच्या एका बाभळीखाली.

गाडीत आम्ही तिघं. पप्पा, मी आणि मागच्या सीटवर आबा, म्हणजे माझे आजोबा. आबांचं डायलिसिस असतं. त्या दिवशी सकाळपासूनच त्यांना धाप लागत होती. दुपारची पाळी चुकली असती तर थेट दुसऱ्या दिवशी नंबर.

तेवढा दम आबांच्यात नव्हता.

आणि गाडी झटके द्यायला लागली.

गाडी जुनी. आधी भारतकाकांची, पप्पांच्या मोठ्या भावाची. ते ती भाड्यानं चालवायचे. दोन वर्षांपूर्वी लातूरच्या एका दवाखान्याबाहेर, पेशंटची वाट बघता बघता, स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपले...

उठलेच नाहीत.

"मिसिंग मारायलीय," मी म्हणाले. "एक सिलेंडर काम करीना. थांबा, मी शोधते."

"तू?"

"मग कोण? तुम्हाला तर बॉनेटबी उघडत न्हाई."

एरवी पप्पा हसले असते. पण दवाखान्याच्या चकरा आणि कामावरची ड्युटी, यात त्यांचं हसू कधीच संपलं होतं. "बघ बाई," एवढंच म्हणाले.

हे मला काकांनीच शिकवलेलं. लई सोपं असतं. गाडी चालू ठेवायची आणि प्लगच्या चार वायरी एकेक करून काढायच्या. वायर काढल्यावर आवाज पडला, तर तो सिलेंडर चांगला. आवाज बदललाच नाही, तर तोच मेलेला. मी कोरडं फडकं घेऊन बॉनेटमध्ये वाकायची, काका सीटवर बसून रेस द्यायचे. मी वायर परत लावली, आवाज भरला, की काका खिडकीतून हात काढून दारावर अंगठी वाजवायचे.

टक् टक्.

म्हणजे, पुढची.

बॉनेट उघडं असलं की आत बसलेला माणूस दिसत नाही. फक्त ऐकायचं.

"पप्पा, पाय काढू नका. काढला की बंद पडायलीय."

"हाव."

पहिली वायर काढली. आवाज पडला, अख्खी गाडी थरथरली. चांगला. लावली.

दुसरी. परत तसंच. चांगला. लावली.

मग...

टक् टक्.

मला भारीच वाटलं. पप्पांना काकांची सवय आठवली तर! "हाव हाव, घाई नका करू!" मी ओरडले. "जरा रेस वाढवा."

रेस वाढली.

अगदी एकसारखी. ना कमी, ना जास्त. पप्पांना एवढी कधी जमायची नाही.

तिसरी वायर काढली...

काहीच झालं नाही. आवाज तस्साच.

"सापडला! पप्पा, तीन नंबर!" मी जवळजवळ नाचलेच.

"मग बंद करायची की आधी."

आवाज माझ्या मागून आला.

मी वळले. पप्पा शेतातल्या बोअरकडून येत होते. हातात ओला टॉवेल.

"तुम्ही... कवा उतरलात?"

"पहिल्या वायरीलाच की. आबा व्हट सुकले म्हणायले. तुला हाक मारली न्हवं? म्हणलं, बंद पडली तर पडू दे."

गाडी चालू होती. रेसवर.

मग रेस हळूहळू खाली आली... कुणी पाय अलगद उचलावा तशी.

आणि गाडी बंद पडली.

मी पळत दाराशी गेले. सीट रिकामी. काच खाली केलेली.

आबा डोळे न उघडताच पप्पांना म्हणाले, "दयानंदा, सीट कशाला मागं सारलीस रे? गुडघे दाबले की माझे."

पप्पा बसायला गेले.

त्यांचा पाय क्लचला पोचेना.

पप्पा बुटके आहेत. काका लई उंच होते.

पण थांबून चालणार नव्हतं. तीन नंबरचा प्लग काढला, काजळीनं काळा झाला होता. पॉलिश पेपरनं घासला, बसवला. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

पप्पांनी सीट पुढं ओढायला खाली हात घातला... आणि तसाच काढून घेतला. आबांची उशी मागितली, पाठीमागं कोंबली आणि सीटच्या टोकावर बसले.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "दमलाय."

कोण, ते मी विचारलं नाही.

आबांची पाळी मिळाली. आबा आहेत. उशीपण अजून तिथंच आहे. ड्रायव्हरच्या मागं आता आमच्यातलं कुणी बसत नाही.

हे आज लिहायचं कारण वेगळंय. परवापासून गाडी परत मिसिंग मारायलीय. चौथी वायर मी तेव्हा तपासलीच नव्हती. उद्या आबांना न्यायचंय, म्हणजे आजच बघायला पाहिजे. इंजिनची मला भीती नाही, ते मी शोधीन.

"मी बसतो," पप्पा म्हणालेत. "पाय काढणार न्हाई. तुझी शप्पथ."

पण एकदा बॉनेट उचललं की मला पप्पा दिसणार नाहीत.

फक्त रेस ऐकू येईल...

आणि ती एकसारखी आली तर?