तीन अक्षरं जास्त

संयोगिता कुपवाडच्या एका प्रेसमध्ये खोक्यांवरचा मजकूर तपासायचं काम करायची. त्या दिवशी ती मसाल्याच्या पुड्याचं प्रूफ वाचत होती, तेवढ्यात कुणीतरी तिच्या टेबलावर एक गुलाबी खोकं अलगद ठेवलं.

"मॅडम, माझ्या दुकानाच्या नावात तीन अक्षरं जास्त आल्यात."

तिनं मान वर केली. रेनकोटमधून पाणी निथळत होतं, हेल्मेट काखेत, पापण्या भिजलेल्या. माणूस चिडलेला नव्हता. खोकी परत घेऊन येणारे सहसा चिडलेले असत.

"जास्त नाहीत," ती म्हणाली. "तुमच्या पाटीवर कमी असतील."

तो हसला. त्याचं नाव धैर्यशील. महाबळेश्वरच्या एका हॉटेलच्या बेकरीत सहा वर्षं काढून त्यानं साताऱ्यात, पोवई नाक्याजवळ 'साखरगोल डोनट' नावाचं दुकान टाकलं होतं. डोनट हा शब्द त्यानं इंग्रजीत लिहून पाठवला होता तो असा: डी-ओ-एन-यू-टी. संयोगितानं त्याला न विचारता मधे यू-जी-एच घातलं होतं आणि तसंच छापून गेलं होतं.

"कशाला घातली ही तीन?"

"डो म्हणजे मळलेलं पीठ. त्याचं स्पेलिंग तसंच आहे."

"रोज पाचला उठून मी तेच मळतो."

"आणि पाटीवरून तेच काढून टाकलंत."

"मग उरलं काय… मधलं भोक?"

"तेवढंच."

आता दोघंही हसले. मग तिनं शब्दकोश काढला, पान उघडलं आणि तिचं हसू थोडं ओसरलं. दोन्ही स्पेलिंगं दिलेली होती. एक जुनं, एक सुटसुटीत.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुम्हाला विचारायला हवं होतं. आमच्या मालकांना सांगून दुसरी छापून देते."

"नको. राहू द्या." त्यानं खोकं उचललं. "पाटीवर घरचं नाव, खोक्यावर शाळेतलं. पोरांची नसत्यात का दोन नावं?"

जाताना त्यानं तिचा नंबर मागितला. पुढच्या वेळी आधी विचारायला, म्हणाला.

आणि तो विचारू लागला. ओके दोन अक्षरांत लिहू का चार? फळ्यावर थँक्सच्या शेवटी एक्स चालतो का? एकदा दुपारी तीन वाजता मेसेज आला— गुड नाइटमधलं नाइट एन-आय-टी-ई लिहिलं तर?

"दुकानाच्या फळ्यावर चालेल," तिनं कळवलं. "बँकेच्या अर्जात नाही."

"आन् तुमाला लिहिताना?"

तिनं फोन उलटा ठेवला. दोन प्रूफं तपासली. मग लिहिलं, "भर दुपारी गुड नाइट कशाला?"

"आधी ठरवून ठेवल्यालं बरं…"

खोकी ट्रान्सपोर्टनं पाठवता आली असती. पण तो दर पंधरा दिवसांनी स्वतः सव्वाशे किलोमीटर मोटारसायकल हाणत यायचा. प्रेसचे मालक इलाहीचाचा त्याला चहा द्यायचे आणि काही विचारायचे नाहीत. काम सुटल्यावर दोघं सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत जायचे, कठड्याला टेकून खाली कृष्णेचं गढूळ पाणी बघायचे. त्याच्या शर्टाच्या बाहीवर नेहमी पिठीसाखरेचा एखादा डाग असायचा. एकदा तिनं तो बोटानं झटकला. त्यानं हात मागे घेतला नाही. तिनंही बोट लगेच काढलं नाही.

घरी मात्र दुसरंच चाललं होतं. तिचे आबा, निवृत्त सुभेदार, पुण्याच्या एका इंजिनिअरचं स्थळ घेऊन आले होते. महिनाअखेरीला उत्तर द्यायचं होतं. इलाहीचाचांकडे सुट्टी मागताना तिनं ते सांगितलं होतं, धैर्यशीलला मात्र नाही. सांगावं असं त्यानं काही विचारलंही नव्हतं.

मग ती जाहिरात आली. गाडीवरून न उतरता डोनट घेता यावेत म्हणून धैर्यशीलनं दुकानाच्या बाजूला खिडकी काढली होती. साताऱ्यातल्या खवय्यांच्या एका फेसबुक ग्रुपवर त्यानं त्या खिडकीचं चित्र टाकलं. वर इंग्रजीत ठसठशीत: ड्राइव्ह-थ्रू. थ्रू लिहिलं होतं टी-एच-आर-यू.

संयोगितानं कौतुकानं वाचलं आणि खाली लिहिलं, "याही वेळी तीन अक्षरं खाल्लीत!" पुढे पूर्ण स्पेलिंग, आणि डोळा मारणारा चेहरा.

तासाभरानं तिनं पुन्हा बघितलं, तर तिच्या ओळीखाली झुंबड उडाली होती. त्याच्या शाळेच्या वर्गातलीच पोरं असावीत. 'इंग्रजीत दोनदा उडालेला गडी हाय, सांभाळून घ्या.' 'शेठ, डोनट विका, इंग्रजी नको.' कुणीतरी त्याच्या दहावीच्या मार्कांचा आकडाही टाकला होता.

संध्याकाळपर्यंत जाहिरात गायब झाली. तिनं फोन केला, त्यानं उचलला नाही. मेसेज केले, उत्तर आलं नाही. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी इलाहीचाचा तिच्या टेबलाशी आले. "साताऱ्याच्या पोरानं आपल्याकडे छापायला दिलेली खिडकीची पाटी रद्द केली. पाटीच नको म्हणतो. काय झालंय बेटा?"

तिनं समोरचं प्रूफ पुढे ओढलं.

रविवारी सकाळी तिनं सातारची एसटी धरली. कराड गेल्यावर खिडकीतून बारीक पाऊस आत येत होता, ती तशीच बसून राहिली. काय बोलायचं ते तिनं चार वेळा ठरवलं आणि चारही वेळा ते तिला खोटं वाटलं.

दुकानात गर्दी नव्हती. तो कढईशी उभा होता. तिला बघून त्यानं फक्त गॅस बारीक केला.

"मी गंमत केली होती," ती म्हणाली. "पण सगळ्यांसमोर केली. ते चुकलं माझं."

"तू बरोबरच लिवलंवतंस."

"तूही बरोबरच लिहिलं होतंस. तेही चालतं. मला ते माहीत होतं, तरी… तरी मी मास्तरीण झाले."

तो कढईतले डोनट उलटत राहिला. मग हळूच म्हणाला, "शाळंत सर माझी वही वाचून दाखवायचं. समदा वर्ग हसायचा. त्याचं बी काय न्हाई. पण पाटी करताना मी लहान स्पेलिंग का घेतलं, म्हाइताय? स्टाइल म्हणून न्हाई गं… मला तेवढंच न चुकता लिवता येतं."

काउंटरला वळसा घालून ती आत गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. बराच वेळ दोघं तेलाकडे बघत राहिले. खांद्याला खांदा लागला होता, आणि कुणीच सरकलं नाही.

"परत कवा जाणार?" त्यानं विचारलं.

"तू सांग."

त्याचे कान लाल झाले. झारा हातातच राहिला. "मी काय सांगू…? तुला पुण्याचं स्थळ आलंय. चाचांनी सांगितलं मला."

संयोगितानं त्याच्याकडे नीट बघितलं. म्हणजे माहीत असून हा पठ्ठ्या गप्प बसला होता. तिनं पर्समधून फोन काढला आणि त्याच्यासमोरच घरी लावला.

"आबा, साताऱ्यात आहे मी… हो, पोचले. त्या पुण्याच्या लोकांना नाही म्हणून कळवा." ती थांबली, ऐकलं. "आहे एक जण. धैर्यशील नाव. दुकान आहे त्याचं. नाही… अजून विचारलं नाही त्यानं. घाबरतोय. इथंच उभा आहे."

तिनं स्पीकर चालू करून फोन पुढे धरला. धैर्यशीलनं झारा ठेवला, हात ॲप्रनला पुसले, आणि फोनसमोर ताठ उभा राहिला.

"नमस्कार, आबा."

पलीकडून सुभेदारांचा खणखणीत आवाज आला. "बाकीचं मागनं बघू. आदी एवढंच सांगा. पोरगी आवडतीय का?"

तो तिच्याकडे बघत म्हणाला, "व्हय… लय."