आणखी एक दुरुस्ती

तो आला तो भांडायलाच.

शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमचा गट जमतो. वाचनालयांसाठी आम्ही एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालवतो; म्हणजे ते फुकट, त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा, आणि कुणीही यावं, त्यात भर घालावी. नव्याने येणाऱ्यांना हाताला धरून शिकवायचं काम माझं. त्यामुळे लहानमोठे सगळे मला ताई म्हणतात.

"हे तुमचंच का?" गळ्यातलं ओळखपत्र सावरत त्याने विचारलं. तो खालच्या मजल्यावर पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर बसायचा. "पुस्तक परत करायची तारीख नेमकी सुट्टीच्या दिवशीची दाखवतं. दार बंद, आणि वाचक माझ्या नावाने ओरडतात."

"मग दुरुस्त करा ना."

"मी?"

"कोड उघडा आहे. खुर्चीही रिकामी आहे."

तो बसला. तक्रार घेऊन आलेला माणूस खुर्चीत बसला की मला बरं वाटतं... त्या दिवशी जरा जास्तच वाटलं.

"तुम्हाला सगळे ताई म्हणतात?"

"हो. तुम्हीही म्हणा."

"नको," स्क्रीनवरून नजर न हलवता तो म्हणाला. "मला एक बहीण आहे. तीच आवरत नाही."

मी हसू दाबलं. कान मात्र गरम झाले.

नवख्याचं पहिलं काम आठवड्याच्या आत स्वीकारायचं, म्हणजे तपासून सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं, हा नियम मीच केलेला. ताटकळलेला माणूस परत फिरकत नाही, हे मी चांगलं पाहिलं होतं. त्याची तारखेची दुरुस्ती मी दोन दिवसांत स्वीकारली, आणि पुढच्या शनिवारी तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलंच नाही. स्क्रीनवर बोट टेकवून वाचायची त्याची सवय होती. मी त्यावरून त्याला रागवायचे, आणि तो गेल्यावर ते ठसे पुसायचं लांबणीवर टाकायचे.

मग त्याने मोठं काम घेतलं. पुस्तकाचं नाव अर्धवट आठवत असलं, तरी पुस्तक सापडलं पाहिजे.

"काउंटरवरचं माझं कंत्राट अडीच महिन्यांत संपतंय," एकदा तो म्हणाला. "एका कंपनीत अर्ज करायचाय. तू हे स्वीकारलंस, तर दाखवायला काहीतरी असेल माझ्याकडे. नाहीतर आहेच मामाचं गोदाम... तिकडे लांब."

"होईल की," मी म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात काम तयार झालं. मी दोनदा तपासलं. स्वच्छ होतं. स्वीकारायचं एक बटण दाबायचं बाकी होतं. पण ते दाबलं की त्याला नोकरी, आणि माझे शनिवार संपले... मी त्याला लिहिलं, "छान झालंय. फक्त एक दुरुस्ती."

एकदा मला कोडमधलं एक नाव पटलं नाही. एकदा एक रिकामी ओळ खटकली. एकदा तर मीच सुचवलेलं मीच बदलायला लावलं. दर वेळी तो खुर्ची ओढून शेजारी बसायचा.

"मुद्दाम छळतेस ना?"

"नवख्यांना छळायचा पगार मिळतो मला."

"इथे कुणालाच पगार नाही."

"म्हणून तर हौसेने छळते."

तो मनापासून हसला. त्याच्यासाठी ती थट्टा होती. मी मात्र खरं तेच सांगत होते.

सहाव्या दुरुस्तीनंतर तो आला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. शेवटी मीच खाली उतरले. तो काउंटरचा खण रिकामा करत होता.

"अर्ज केलास?"

"मुदत मंगळवारी संपली." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "बरंच झालं. सहा-सहा वेळा दुरुस्त करूनही जमत नाही, म्हणजे हे आपलं काम नव्हे. तू मात्र फार सांभाळून घेतलंस. मामाला हो म्हणून टाकलंय."

आता गप्प राहणं म्हणजे पापच होतं.

"तुझं काम पहिल्याच वेळी बरोबर होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे... मी उगाच चुका काढत होते. नव्हत्याच. तू येत राहावंस म्हणून."

हातातला शिक्का त्याने हळूच खाली ठेवला.

"मला वाटलं, मी मठ्ठ आहे," तो म्हणाला. "आईलाही तसंच सांगितलं."

"माफ कर मला."

"नुसतं 'ये' म्हणाली असतीस ना..." तो थांबला. "आलो असतो गं. काही काम नसतं, तरी आलो असतो."

"आणि आता?"

"परवाची गाडी आहे."

मी वर गेले आणि बटण दाबलं. क्षणभराचं काम होतं.

याला तीन वर्षं झाली. त्याने पुढे कधी कोड लिहिला की नाही, मला माहीत नाही. विचारायचा हक्क मीच घालवला. नवख्यांना अजूनही मीच शिकवते, पण आता कुणाचंही काम माझ्याकडे दोन दिवसांच्या वर राहत नाही. कितीतरी वाचनालयांत रोज कुणीतरी अर्धवट आठवणारं पुस्तक शोधतं, आणि ते सापडतं.

या तीन वर्षांत त्याच्या कोडमध्ये कुणालाही एकसुद्धा चूक सापडलेली नाही.